आकडे

सकाळी साडेसहाला शटर अर्धंच वर केलं होतं.
अप्परच्या उतारावर दूधवाल्याखेरीज कुणी नव्हतं.
शालन बोऱ्हाडे वाकून आत आल्या,
खाकी गणवेश, कडक इस्त्री, बिल्ला पुसून लख्ख,
आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.
फोटोत कुणीतरी परकी मुलगी,
डोक्याभोवती वेणी गोल फिरवलेली, मुकुटासारखी.
"जमेल का असं? आज शेवटची ड्यूटी.
संध्याकाळी डेपोत नारळ देणारेत."

अंबाडा मी सोडला म्हणते,
पण एक आकडा काढला आणि तो आपणहून निघाला,
खुर्चीच्या पाठीवरून खाली,
फरशी चार बोटं उरली तेव्हा थांबला.
मुळांशी पांढरा, मग राखाडी, मग काळा.
शेंडे अजून पन्नाशीच्या अलीकडेच होते.

भांग मोडला. डाव्या कानामागून तीन पेड घेतले.
आकडे तोंडात धरले, अठरा,
ओठांत घट्ट.
पार्लरवाली तेवढा वेळ मुकी असते
आणि मुक्या माणसाजवळ लोक बोलतात.

त्या बोलल्या.
स्वारगेटच्या कँटीनचा चहा, पूर्वीचा आणि आताचा.
पीएमटीच्या वेळचे ड्रायव्हर, त्यातले गेले किती.
जाऊबाई म्हणतात कापून टाक,
दोन बादल्या पाणी खातात तुझे केस.
"आधी वेणीच घालायचे गं मी. सैल, पाठीवर.
मग एकदा ठरवलं, अंबाडा."
एकदा म्हणजे केव्हा, का,
ते त्यांनी सांगितलं नाही.

पेड वळवायचा, कपाळाकडची एक बट उचलायची,
ओढून घ्यायची, पण डोळे ताणले जातील इतकी नाही.
पुन्हा पेड. पुन्हा बट.
माझे हात चालू होते.
मी मात्र सातवीत होते, मागच्या दारापासून तिसऱ्या सीटवर,
मांडीवर डबा.

कुणीतरी दार धाडकन ओढलं
आणि कंडक्टरबाईंची वेणी दारात.
त्यांनी घाबरून दोरी ओढली, एकदा,
मग आणखी घाबरून, दुसऱ्यांदा.
दोनदा म्हणजे चला.
ड्रायव्हरने गाडी काढली.
पाठ दाराला चिकटलेली, मान मागे,
तशाच त्या एका बाईचं तिकीट फाडून देत होत्या,
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
"कंडक्टर बांधून ठेवली रे, आता सगळे फुकट!"

अख्खी बस हसली.
अख्खी म्हणजे मीही.
डब्याचं झाकण वाजेपर्यंत.

उजव्या कानाशी आले. सात आकडे गेले होते.
रुख्सानाने आरसा मागे धरला,
ती नवीन आहे, तिरका धरते.
आरशात नुसते माझेच ओठ दिसले,
त्यांतून टोकं बाहेर आलेली, साळिंदरासारखी.
बरं झालं म्हटलं. आत्ता काही बोलता येत नाही.

शेंडा शेवटी पहिल्या पेडाखाली सरकवला.
काळा भाग नेमका कपाळावर आला,
पांढरा मागे राहिला. ठरवून केलं नव्हतं.
सोळावा. सतरावा.
अठरावा आकडा तोंडातून काढला
आणि ओठांवर लोखंडाची चव राहिली.

त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली,
हळूच, कळशी डोक्यावर असल्यासारखी.
"चढता-उतरता सुटणार नाही ना?"

"नाही सुटणार," मी म्हणाले,
"आणि दारात तर मुळीच अडकणार नाही."

रुख्साना झाडू मारत होती, ती थांबली नाही.
आरशात शालनबाई थांबल्या.
मी उगाच कंगव्यातले केस काढू लागले,
बोटाला गुंडाळू लागले.

"कुठल्या स्टॉपवर चढायचीस गं तू?"

"भापकर पंप."

"अर्धं तिकीट?"

"पास होता."

त्यांनी पर्स उघडली,
सुट्टे मोजून टेबलावर ठेवले,
एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही,
आणि शटरखालून बाहेर जाताना
या वेळी जरा जास्तच वाकल्या.